सेर्राल्वेशचं गुलाबी घर, मिरो आणि एक बुडालेली बँक

दगडीपूल
फोनचा बॅकअप घेताना २०१६ च्या डिसेंबरातले फोटो सापडले म्हणून हा धागा काढतोय. तेव्हा मी पोर्तोला, म्हणजे पोर्तुगालच्या उत्तरेला, आठ महिने प्रोजेक्टवर होतो. शनिवार-रविवार काय करायचं हा मोठाच प्रश्न असायचा, नदीकाठ चार वेळा पालथा घालून झालेला आणि डिसेंबरातला तिकडचा पाऊस म्हणजे कोकणातला श्रावण परवडला. ऑफिसातली एक पोरगी म्हणाली सेर्राल्वेशला जा, महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी फुकट असतं. फुकट म्हटल्यावर गेलो. चित्रांतलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे कोणी झापायला नको.

सेर्राल्वेश म्हणजे अठरा हेक्टरची (चव्वेचाळीस-पंचेचाळीस एकर धरा) बाग, तिच्यात एक गुलाबी बंगला आणि जरा बाजूला १९९९ मधे उघडलेलं पांढरंशुभ्र म्युझियम. ते म्युझियम आल्व्हारो सिझा या पोर्तोच्याच आर्किटेक्टचं, प्रित्झकर (आर्किटेक्टांचं सगळ्यात मोठं बक्षीस) मिळालेला माणूस. पण माझं लक्ष बंगल्यावरच. समोर लांबच लांब पाण्याचे हौद, दोन्ही बाजूंनी कापून बसवलेली हिरवळ, आणि मागे तो गुलाबी ठोकळा. ठोकळा म्हणतोय पण कोपरे गोल, नक्षी कुठेच नाही, कोणीतरी गुलाबी साबणाची वडी उभी करून ठेवल्यासारखा.

बांधणाऱ्याचं नाव कार्लुश आल्बेर्तु काब्राल, व्हिझेलाचा दुसरा काउंट, घरचा धंदा कापडगिरण्यांचा. गडी १९२५ मधे पॅरिसला डेकोरेटिव्ह आर्टचं ते मोठं प्रदर्शन बघून आला, ज्याच्यावरून पुढे आर्ट डेको हे नाव पडलं, आणि तेव्हा जे खूळ डोक्यात शिरलं ते १९४४ पर्यंत उतरलं नाही. एका घरासाठी मंडळी किती तर मार्केश दा सिल्व्हा (पोर्तोचं साव बेंतु स्टेशन बांधणारा), पॅरिसहून शार्ल सिक्ली, आतल्या सजावटीला रूलमान, लोखंडी दाराला ब्रांट, काचेला लालिक, बागेला ग्रेबेर. आवारात आधीपासून एक चॅपेल होती ती पाडली नाही, तिलाच बाहेरून नव्या घराचा अंगरखा चढवला. आत जुनी वेदी, बाहेरून आर्ट डेको. घराने देऊळ गिळलंय असं वाटतं. आणि एवढा खटाटोप करून काब्रालसाहेब त्यात राहिले जेमतेम काही वर्षं, मग विकून मोकळे. १९८६ मधे सरकारने घेतलं आणि पुढच्या वर्षी लोकांना उघडलं.

तर या घरात तेव्हा जुआन मिरो या स्पेनच्या सरिअलिस्ट (म्हणजे स्वप्नातल्यासारखं रंगवणाऱ्यांतल्या) चित्रकाराचं प्रदर्शन होतं, ८५ कलाकृती, १९२४ पासून १९८१ पर्यंतच्या. मांडणी सिझाची. उद्घाटनाला पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि स्पेनचे पंतप्रधान राहोय असे सगळे हजर होते म्हणे. चित्रं बघायला एवढं सरकार कशाला हे मला कळेना, तर रांगेतल्या एका काकांनी सांगितलं की ही चित्रं बँकेची आहेत. म्हणजे होती. बीपीएन नावाची बँक २००८ च्या मंदीत गाळात गेली, सरकारने ताब्यात घेतली, आणि तिच्या मालमत्तेत इतर कचऱ्याबरोबर ही ८५ मिरो निघाली. अब्जावधी युरोंचा खड्डा आणि वरती थोडे पक्षी आणि चांदण्या. २०१४ च्या फेब्रुवारीत सरकार ती लंडनला क्रिस्टीज या कंपनीच्या लिलावात विकायला निघालं होतं, लोकांनी आरडाओरडा केला, विक्री बोंबलली.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी चित्रं बघतच नव्हतो, घर बघत होतो. मधला हॉल दुमजली, वर कठडा, खोलीतून खोलीत जाताना आपण कोणाकडे तरी पाहुणे म्हणून आलोय आणि यजमान आत कपडे बदलतायत असं वाटत राहतं. हे चित्र झोपायच्या खोलीत, ते जेवायच्या. वरच्या मजल्यावर काउंटची संगमरवरी बाथरूम आहे, ती माझ्या कोथरूडच्या हॉलपेक्षा मोठी आहे. आणि मग एकदम एका भिंतीवर मिरोचा तो डोळा, की पक्षी, की बाई. म्युझियमच्या गोऱ्यापान भिंतीवर मिरोची चित्रं मी नंतर बार्सिलोनाला पण बघितली, तिथे मी शहाण्यासारखा पाटी वाचत पुढे सरकत होतो. इथे तसं झालं नाही. घरात नको ती गोष्ट दिसली की माणूस थांबतो, स्वयंपाकघरात घोडा उभा असेल तर पाटी कोण वाचतंय.

सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते एका जळक्या चित्रासमोर. रंगवलेलं कॅनव्हास, मधे मोठाली भोकं, कडा करपलेल्या, भोकातून मागची लाकडी चौकट दिसते आणि तिच्या मागे घराची भिंत. मला वाटलं युद्धात वगैरे जळलं असेल. तर नाही, मुद्दाम जाळलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (आगीचा नको.)

साबुदाणावडा
मस्त लिहिलंय! साबणाची वडी हाहा. फोटो कुठायत?

अनवाणी
जळक्या चित्राबद्दल सांगते, हा माझा आवडता विषय.

१९७३ चा डिसेंबर. मिरो ऐंशीचे. पुढच्या वर्षी पॅरिसला ग्रां पालेमधे त्यांचं मोठं सिंहावलोकन होणार होतं, आणि त्यासाठी म्हाताऱ्याने पाच मोठी कॅनव्हास घेतली, रंगवली, सुरीने फाडली, पेट्रोल ओतलं आणि पेटवली. पण वेड्यासारखं नाही बरं का, हाताशी ओलं फडकं बांधलेली काठी, आग कुठे जाऊ द्यायची आणि कुठे विझवायची हे ठरवत ठरवत. मग परत त्यावर रंग, परत आग. फोटो आहेत याचे, कॅटलान फोटोग्राफर कातालारोका यांनी काढलेले, शोधा, बघण्यासारखे आहेत. भोकामुळे चौकट दिसते हे पण हवंच होतं त्यांना, कारण चित्राचा सांगाडा आपण एरवी कधी बघतच नाही.

कारण विचाराल तर त्यांच्या चित्रांच्या किमती तोवर आभाळाला टेकल्या होत्या, आणि चित्राकडे बघून आधी आकडा बोलणाऱ्या लोकांचा त्यांना संताप होता. जाळणं हे त्या लोकांना दाखवलेलं बोट होतं.

आता दगडीपूल, तुमच्या लक्षात येतंय का? पैसेवाल्यांचा निषेध म्हणून जाळलेलं चित्र शेवटी कुठे सापडलं तर बुडालेल्या बँकेत. चांगल्या मालमत्तेच्या यादीत :)

दगडीपूल
अरे बापरे!! हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी तिथे अजून अर्धा तास उभा राहिलो असतो.

मिस्टर खडूस
लेख चांगला आहे पण मूळ मुद्द्याला बगल दिलीय. विकायला काय हरकत होती? देश कर्जबाजारी, लोकांचे पगार आणि पेन्शन कापल्या, आणि सरकारकडे पडून आहेत चांदण्या आणि पक्षी. आमच्या तालुक्यातली पतसंस्था बुडाली तेव्हा माझ्या वडिलांचे निवृत्तीचे पैसे त्यात होते. चेअरमनच्या बंगल्यात जर तेव्हा चित्रं सापडली असती तर मी स्वतः हातोडा मारून लिलाव केला असता. ठेवीदाराला संस्कृतीचे डोस पाजू नका.

गिरणगावकर
खडूसराव, वडिलांचं वाईट वाटलं, आमच्याही गल्लीत असे आहेत. पण हिशोब करून बघा. पोर्तुगालने २०११ मधे जे कर्ज उचललं ते ७८ अब्ज युरो. क्रिस्टीजचा अंदाज सगळ्या ८५ चित्रांना मिळून साडेतीन कोटी युरोच्या आसपास. म्हणजे हजार रुपयांच्या कर्जाला आठ आणे. ते पण पुरते नाहीत. आठ आण्यासाठी घरातलं काय विकायचं आणि काय नाही हे तर ठरवायला लागेल ना.

मिस्टर खडूस
आठ आणे तर आठ आणे, कोणाचे होते ते? बुडालेल्यांचेच ना.

ऊनपाऊस
थोडी दुरुस्ती. विक्री लोकांच्या आरड्याओरड्याने थेट थांबली नाही. हजारो सह्या झाल्या, विरोधी पक्ष कोर्टात गेले, पण लिस्बनच्या कोर्टाने विक्रीला स्थगिती दिलीच नव्हती. फक्त चित्रं देशाबाहेर नेताना कायदा नीट पाळला नाही असं निकालात आलं, आणि तेवढ्यावर क्रिस्टीजनेच ऐनवेळी काढता पाय घेतला, कारण उद्या विकत घेणाऱ्याच्या दारात कोर्टाचा कागद नको. म्हणजे संस्कृती वगैरे वाचली ती कागदपत्रांच्या घोळामुळे. आपल्या सरकारी कामाची आठवण आली की नाही? नंतर सरकार बदललं, कोश्ता पंतप्रधान झाले, आणि चित्रं पोर्तोतच ठेवायची असं ठरलं.

खडूस यांचा मुद्दा मात्र मला अर्धा पटतो. चित्रं लोकांची झाली हे म्हणायला छान आहे पण ती लोकांनी मागितली नव्हती, गळ्यात पडली.

फोंडेकार
नमस्कार मंडळी. सेर्राल्वेश असा शेवटी श काढल्याबद्दल धागाकर्त्याला आमच्या फोंड्याहून एक पाव भाजी, बहुतेक जण सेराल्व्स म्हणून मोकळे होतात. आमच्या आजीचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालेलं त्यामुळे घरात या श वरून बोलणी खाल्लीत.

जुन्या घरात चित्रं बघायची असतील तर पोर्तोपर्यंत जायची गरज नाही, पणजीला फोंतेन्यासमधे फुंदासांव ओरिएंतला या. तिथे आंतोनियु शाव्हियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. सांग्याचे, जन्म १८७०, मुंबईच्या जेजे मधे शिकले आणि तिथेच शिकवलं. सरिअल वगैरे काही नाही, साधी माणसं, साधा उजेड, पण बाहेर पिवळी-निळी घरं आणि आत ती चित्रं, दुपारी तीनला गेलात तर बहुतेक तुम्ही एकटेच असाल.

हळदीची साय
मला एक बाळबोध प्रश्न आहे, रागावू नका. मिरो सरिअलिस्ट कसे? मला सरिअल म्हटलं की दालीची वितळलेली घड्याळं आठवतात. मिरोचं तर रांगोळीसारखं असतं, ठिपके, चांदण्या. त्यात स्वप्न कुठाय?

अनवाणी
हळदीची साय ताई, बाळबोध अजिबात नाही, याच्यावर जाणकार पण भांडतात.

सरिअलिस्टांचा म्होरक्या ब्रेतॉन, त्याचा जाहीरनामा आला १९२४ मधे. तेव्हा मिरो पॅरिसला रू ब्लोमे नावाच्या गल्लीत राहायचे, शेजारच्या स्टुडिओत मासाँ हा दुसरा चित्रकार, खिशात दमडी नाही. त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की उपाशीपोटी छताकडे बघत बसायचो आणि भिंतीच्या भेगांत आकार दिसायचे, ते वहीत काढायचो. म्हणजे जाहीरनामा वाचून स्वप्न बघायला नाही बसले, भुकेने दिसायला लागलं. १९२५ च्या पहिल्या सरिअलिस्ट प्रदर्शनात ते होते आणि ब्रेतॉननेच पुढे लिहिलं की आमच्यातला सगळ्यात जास्त सरिअलिस्ट बहुधा हाच. पण त्या गटाच्या बैठका, हकालपट्ट्या, जाहीर भांडणं यांत मिरो कधी रमले नाहीत. दाली स्वप्नात काय दिसलं ते फोटोसारखं रंगवतो. मिरो हात मोकळा सोडतात आणि काय उमटतंय ते बघतात. दोन्हीला आपण मराठीत अतिवास्तववाद हाच शब्द लावतो, आणि मला तो शब्दच आवडत नाही, ऐकल्यावर वास्तवाचा ओव्हरडोस झाल्यासारखं वाटतं.

रांगोळीचं म्हणाल तर मी पण पहिल्यांदा तेच म्हटलं होतं आणि सरांनी मला १९३६ ची चित्रं दाखवली. त्या उन्हाळ्यात स्पेनमधे यादवी पेटली आणि मिरोनी मेसोनाइटच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, उघड्या फळ्यांवर २७ चित्रं केली. डांबर, वाळू, खडी. त्यातली काही याच संग्रहात आहेत. दगडीपूल, तुम्हाला आठवतात का, तपकिरी, खरखरीत?

दगडीपूल
आठवतात! एका खोलीत रांगेने होती, मला वाटलं सुताराकडच्या उरलेल्या फळ्या. आणि दुसरीकडे दोरखंड, लोकरीचे गुंडे लोंबणारी मोठी गोधडीसारखी होती ती पण मिरोच का?

अनवाणी
हो, सोब्रेतेशिम म्हणतात त्यांना, रोयो नावाच्या विणकराबरोबर केलेली. तो विणायचा, हे त्यावर चिकटवायचे, रंगवायचे, आणि हो, जाळायचे पण :)

गिरणगावकर
मला चित्रांपेक्षा घरात इंटरेस्ट आहे म्हणून थोडं अवांतर. हे वर्णन वाचताना सारखं मरीन ड्राइव्ह डोळ्यासमोर येत होतं. गोल कोपरे, साबणाच्या वड्या, खिडकीवरच्या सिमेंटच्या भुवया. काळ पण तोच, रीगल १९३३ चं, इरॉस १९३८ चं, ओव्हल मैदानासमोरच्या बिल्डिंगा त्याच दशकातल्या. २०१८ मधे युनेस्कोच्या यादीत गेल्यावर आपल्याला कळलं की आपण वारसा स्थळात भाडं भरतोय. फरक एवढाच की काउंटने एकट्यासाठी घर बांधलं आणि मुंबईत तेच रूप फ्लॅटला आलं, मधल्या वर्गाला. माझ्या मते आर्ट डेको मुंबईलाच जास्त शोभलं, कारण बाल्कनीत वाळत घातलेले कपडे हवेतच, त्याशिवाय ते घर वाटत नाही.

दुसरं म्हणजे कापडगिरणी. माझे आजोबा लोअर परळला साच्यावर होते. गिरणीमालकाचा पैसा कुठे कुठे जाऊन काय काय होतो बघा, पोर्तोला बाग झाली, अहमदाबादला कार्बुझिए या आर्किटेक्टची घरं झाली, आमच्याकडे मॉल झाला.

राइनकाठची मैना
गिरणगावकर, तुमचं कापडाचं ऐकून लिहायला आले. मी क्रेफेल्डजवळ राहते, ड्युसेलडॉर्फच्या बाजूला, हे पण कापडाचं गाव, रेशमाचं. इथे हाउस लांगं आणि हाउस एस्टर्स असे दोन जोडबंगले आहेत, मीस फान डेर रोहे या आर्किटेक्टने १९२७ ते १९३० मधे दोन रेशीमवाल्यांसाठी बांधलेले, विटांचे, मोठ्ठ्या खिडक्यांचे. हाउस लांगंमधे १९५५ पासून प्रदर्शनं भरतात. घर म्हणून बांधलेल्या ठिकाणी चित्रं बघण्याचं दगडीपूल म्हणतात ते मला शंभर टक्के पटतं, आपण नकळत इथे सोफा कुठे असेल याचा विचार करत फिरतो.

पण गंमत ऐका. १९६१ मधे इव्ह क्लाइन या फ्रेंच कलाकाराने तिथे एक बारकी खोली नुसती पांढरी करून ठेवली, आत काही नाही, रिकामेपणाचीच कलाकृती. ती अजून जपून ठेवलीय. माझ्या सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांना घेऊन गेले. त्या आत गेल्या, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या देवघराला बरी आहे.

साबुदाणावडा
देवघराला बरी आहे =)) मेलो.

ऊनपाऊस
घर विरुद्ध पांढरी भिंत यावरून आठवलं. सरिअलिस्ट लोकांना स्वतःला पांढरी भिंत कधी नकोच होती. १९३८ मधे पॅरिसला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं त्यात द्युशाँ या कलाकाराने छताला कोळशाची १२०० पोती टांगली होती. अंगणात दालीची टॅक्सी, तिच्या आत पाऊस पडतोय. उद्घाटनाला अंधार, लोकांना हातात बॅटऱ्या देऊन सोडलेलं. म्हणजे चित्र बघायला आलेल्या माणसाला आधी चाचपडायला लावायचं. त्यामानाने मिरोला गुलाबी बंगला मिळाला हे सभ्यच झालं.

त्यामुळे दगडीपूल यांच्या बार्सिलोनाच्या तक्रारीशी मात्र असहमत. तिथल्या मिरो फाउंडेशनची इमारत त्यांच्या आर्किटेक्ट मित्राची, सेर्टची आहे, मिरोंना स्वतःला हवी तशी. तुम्हाला तिथे कंटाळा आला तो भिंतीचा दोष नाही, त्या दिवशी तुम्ही किती चालला होतात ते सांगा.

दगडीपूल
एकवीस हजार पावलं झाली होती. मुद्दा मान्य.

हळदीची साय
अनवाणी, आभार, इतकं सविस्तर लिहिलंत. आम्ही मे महिन्यात लिस्बन-पोर्तो करतोय, सोबत सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. मिरो अजून तिथेच आहेत का? आणि मुलगा कंटाळेल का?

दगडीपूल
संग्रह सेर्राल्वेशकडेच असतो, पण मधे मधे बाहेर दौऱ्यावर पण जातो, २०१७ मधे लिस्बनला आजुदा राजवाड्यात गेला, नंतर इटलीत. त्यामुळे निघायच्या आधी साइट बघा, त्या वेळी बंगल्यात काय लावलंय ते वेगळं असू शकतं.

मुलाचं टेन्शन घेऊ नका. बागेत ओल्डनबर्गचं एक प्रचंड लाल खुरपं जमिनीत खुपसलेलं आहे, माळ्याचं असतं तसंच पण दुमजली घराएवढं. खाली शेत आहे त्यात गायी आणि गाढवं आहेत, खरी. झाडांच्या शेंड्यांमधून चालायचा लाकडी पूल पण झालाय २०१९ मधे, माझ्या वेळी नव्हता. सासऱ्यांना हौदाजवळच्या बाकावर बसवा. आणि जेवणाचं म्हणाल तर काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पानांचं सूप मिळतं, शाकाहारी असाल तर त्यात सॉसेजची चकती टाकू नका हे आधी सांगा, वाटीत तळाशी सापडते.

फोंडेकार
चकती काढून मला पाठवा. त्याच्याच भावाला आम्ही चोरीस म्हणतो.

मिस्टर खडूस
दोन दिवस धागा वाचतोय. गिरणगावकरांचं आठ आण्याचं गणित बरोबर आहे, करून बघितलं. तरी माझं मत तेच आहे. पण ते जळकं चित्र मला बघायचंय. बँकेच्या यादीत त्याच्यासमोर किती रक्कम लिहिली असेल आणि ती लिहिताना कारकुनाचा चेहरा कसा झाला असेल हा विचार काल रात्री डोक्यातून जाईना. डॅमेज्ड म्हणून कमी लावली असेल का? धागाकर्ते, फोटो फोटो म्हणताय, टाका की एकदाचा.

दगडीपूल
टाकणारच होतो पण लाज वाटत होती. फोटो आलाय पण फोनने फोकस भोकातून आरपार मागच्या भिंतीवर केलाय. चित्र सगळं धूसर. भिंत मात्र झकास आलीय.

मिस्टर खडूस
भिंतीचा टाका.